तो, ती आणि 'येल' : फ्रेंचमध्ये लिंग न सांगता बोलायचं कसं

लग्नात बुफेच्या रांगेत नवऱ्याकडचं एक दूरचं माणूस समोर येतं. वयाने मोठं की लहान, कळत नाही. 'जेवलीस का' म्हणावं तर आगाऊपणा. 'जेवलात का' म्हणावं तर समोरून, "अहो, मी तुमच्याहून लहान आहे!" मग आपण हसून विचारतो, "जेवण झालं का?" या प्रश्नात तू नाही, तुम्ही नाही, आणि नीट पाहिलंत तर बाई-पुरुषही नाही. क्रियापद जेवणाशी जुळतं, जेवणाऱ्याशी नाही.

फ्रेंचमध्ये नॉन-बायनरी व्यक्तीबद्दल, म्हणजे स्वतःला पुरुष किंवा स्त्री या दोन्हींत न मोजणाऱ्या व्यक्तीबद्दल बोलायचं असेल तर बहुतेक काम हीच युक्ती करते. नवं सर्वनाम शिकायला पाच मिनिटं लागतात. वेळ जातो तो पुढच्या विशेषणांवर.

हा लेख अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेल्यांसाठी आहे, डेल्फची (फ्रेंचच्या प्रावीण्य-परीक्षेची) तयारी करणाऱ्यांसाठी आहे, आणि आता ल्यों किंवा माँट्रियलला शिकायला निघालेल्यांसाठी तर नक्कीच. तिथे वर्गात कामीय नावाचं कुणीतरी भेटेल (हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही), आणि नावाखाली लिहिलेलं असेल 'येल'. तेव्हा काय करायचं?

पहिली पायरी : शब्द ओळखून घ्या

'इल' म्हणजे तो, 'एल' म्हणजे ती. दोन्ही एकमेकांत मिसळून 'येल'. स्पेलिंग आय-ई-एल. उच्चार एकाच दमात, 'हॉटेल'मधल्या 'टेल'शी यमक जुळेल असा. 'येळकोट'मधला 'ळ' आणू नका, आपल्या लोकांच्या तोंडून तो पटकन येतो.

अनेकवचनात शेवटी एस लागतो. एरवी तो ऐकू येत नाही, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की जागा होतो : 'येल सों' म्हणजे 'ते आहेत', 'येल-झों' म्हणजे 'त्यांच्याकडे आहे'. 'इल' आणि 'एल'च्या अनेकवचनाचंही असंच होतं, त्यामुळे हे तुम्हाला आधीच येत असणार.

क्रियापद तृतीय पुरुषाचंच, काहीही बदल नाही. 'इल पार्ल', 'एल पार्ल', 'येल पार्ल'. फ्रेंच वर्तमानकाळात 'बोलतो' आणि 'बोलते' असा फरकच नाही. मराठी माणसाला ही चैनच आहे.

'येल'शिवाय 'अल', 'ओल', 'उल' अशीही सर्वनामं वेगवेगळ्या लोकांनी सुचवली आहेत, आणि काही जण ती वापरतातही. पण रुळलं ते 'येल'. ऑक्टोबर 2021 मध्ये 'ल रोबेर' या कोशाने आपल्या ऑनलाइन आवृत्तीत त्याची नोंद घेतली, 'क्वचित वापर' अशी खूण करून. एवढ्यावरून नोव्हेंबरभर गदारोळ झाला. एका खासदाराने थेट फ्रेंच अकादमीला, म्हणजे भाषेची राखण करणाऱ्या तिथल्या संस्थेला, पत्र लिहिलं, शिक्षणमंत्री ब्लाँकेर त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ब्रिजित माक्रों म्हणाल्या की 'इल' आणि 'एल' ही दोन सर्वनामं आहेत तेवढी आहेत. कोशकारांचं उत्तर साधं होतं : लोक वापरतात, म्हणून नोंद. कोशात शब्द आला म्हणजे तो वापरण्याची सक्ती झाली, असं फ्रेंच लोकांना का वाटतं हे मला अजून उलगडलेलं नाही.

दुसरी पायरी : दोन प्रश्न विचारा, एक नव्हे

सर्वनाम विचारणं बहुतेकांना माहीत असतं : 'केल सों ते प्रोनों?' अनोळखी किंवा वडीलधारी व्यक्ती असेल तर 'ते'च्या जागी 'व्हो'. पण फ्रेंचमध्ये याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : 'ए तेझाकोर?' म्हणजे विशेषणं कशी जुळवायची?

हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे मी एकदा तोंडावर आपटले आहे. एका चित्रकाराचा परिचय फ्रेंचमध्ये लिहून द्यायचा होता, सर्वनाम 'येल' असं कळवलेलं होतं. मी मोठ्या उत्साहाने प्रत्येक विशेषणाच्या शेवटी बिंदू आणि ई लावत गेले (दोन्ही लिंगं एकाच शब्दात दाखवणारा हा बिंदू पाचव्या पायरीत येतो). उत्तर आलं अगदी सौम्य : सर्वनाम बरोबर आहे, पण माझी विशेषणं स्त्रीलिंगी असतात, आणि कृपया बिंदू नकोत, माझी एक जवळची व्यक्ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचते. दीड पानात एकोणीस बिंदू होते. मोजून काढले.

तर 'येल' म्हणवून घेणारे काही जण विशेषणं पुल्लिंगी ठेवतात, काही स्त्रीलिंगी, काही आलटूनपालटून, काही बिंदूवाली. सर्वनामावरून विशेषणाचा अंदाज बांधता येत नाही. चेहऱ्यावरून तर नाहीच नाही.

तिसरी पायरी : जे आधीच मोकळं आहे ते वापरा

फ्रेंचमध्ये लिंग सगळीकडे भरलेलं आहे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बऱ्याच जागा मोकळ्या आहेत.

मी, तू, आम्ही, तुम्ही यांना लिंग नाही, ते मराठीतही नाही. 'ओं' (आपण, लोक) हे अघळपघळ सर्वनामही तसंच. 'त्याला सांगतो' आणि 'तिला सांगतो' यांसाठी फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे, 'ल्वी'. 'झ ल्वी पार्ल' म्हणजे मी त्याच्याशी बोलते, किंवा तिच्याशी. इथे नवीन काहीही शिकायची गरज नाही.

मालकीचं तर फारच सोपं. मराठीत 'त्याचं पुस्तक' आणि 'तिचं पुस्तक' हे दोन वेगळे. फ्रेंचमध्ये दोन्ही 'सों लीव्र'. 'सों' की 'सा' हे वस्तूच्या लिंगावर ठरतं, मालकाच्या नाही. 'सा व्वात्यूर' म्हणजे त्याचीही गाडी आणि तिचीही. नवशिके इथे हमखास घोटाळा करतात, मालक पुरुष आहे म्हणून 'सों व्वात्यूर' म्हणतात. ती चूक मोडली की कामीयचं घर, कामीयची सायकल, कामीयची आई, सगळं बिनधास्त बोलता येतं.

भूतकाळाकडे जरा थांबून पाहू, कारण तिथे मराठी माणूस फ्रेंच शेजाऱ्यांपेक्षा पुढे असतो. मराठीत 'कामीय आला' की 'कामीय आली' हे ठरवावं लागतं, पण 'कामीयने पुस्तक वाचलं' यात काही ठरवावं लागत नाही, कारण क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं. फ्रेंचमध्येही जवळपास अशीच दोन घरं आहेत. 'आव्हवार' हे सहाय्यक क्रियापद घेणारी बहुसंख्य क्रियापदं कर्त्याकडे ढुंकून बघत नाहीत : 'येल आ माँझे', येलने खाल्लं. 'एत्र' घेणारी येण्या-जाण्याची मोजकी क्रियापदं मात्र कर्त्याशी जुळतात.

आता गंमत बघा. तीही जुळतात ती कागदावर. गेला-गेली, आला-आली, जन्मला-जन्मली, पडला-पडली, राहिला-राहिली : 'आले', 'व्हन्यू', 'ने', 'तोंबे', 'रेस्ते'. स्त्रीलिंगाला शेवटी एक ई वाढतो आणि तो मुका असतो. 'एत्र'च्या यादीत कानाला फरक कळणारं कृदंत एकच आहे, मेला-मेली : 'मोर' आणि 'मोर्त'. म्हणजे कामीय हयात असेपर्यंत बोलण्यात काही अडचण येऊ नये.

चौथी पायरी : विशेषणं

खरी परीक्षा इथे. विशेषणांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात दोन्ही लिंगांना एकच रूप असलेली : 'त्रिस्त' (दुःखी), 'काल्म' (शांत), 'मालाद' (आजारी), 'तिमिद' (लाजाळू), 'सँपातिक' (मनमिळाऊ). डोळे झाकून वापरा.

दुसऱ्या ढिगात लिहिताना वेगळी, ऐकताना एक : 'फातिगे' (दमलेला, दमलेली), 'जोली' (सुंदर), 'मारिए' (विवाहित). बोलताना प्रश्न नाही, लिहिताना बिंदूचा विचार करायचा.

तिसरा ढीग त्रासदायक. 'कोंताँ' आणि 'कोंताँत', म्हणजे खूश. पुल्लिंगात शेवटचं व्यंजन गिळतात, स्त्रीलिंगात वाजवतात. 'पेती' आणि 'पेतीत' (लहान), 'ग्राँ' आणि 'ग्राँद' (मोठा, मोठी) हे त्याचेच भाऊबंद. इथे बिंदू कामाचा नाही, कारण बिंदूचा उच्चार करता येत नाही. इथेच 'जेवण झालं का' काढायचं. 'कामीय खूश आहे' असं थेट म्हणण्याऐवजी :

'सा फे प्लेझिर आ कामीय' : त्याने कामीयला आनंद होतो. आनंद होतो, कामीय होत नाही.

'कामीय ए केकँ द कोंताँ' : कामीय म्हणजे खूश असलेलं कुणीतरी. 'केल्कँ', कुणीतरी, हा शब्द पुल्लिंगीच चालतो, समोर कोणीही असो. (वेगात तो 'केकँ' असाच ऐकू येतो, वहीत पूर्ण लिहा.)

'से-त्युन पेर्सोन कोंताँत' : ही खूश व्यक्ती आहे. 'पेर्सोन' कायम स्त्रीलिंगी, जशी आपली 'व्यक्ती'. पाटीलसाहेबांबद्दल 'ती व्यक्ती अत्यंत कडक होती' असं म्हटल्याने साहेबांच्या मिशीला धक्का लागत नाही, तसंच.

सरावासाठी एक करा. ओळखीच्या कुठल्याही माणसाबद्दल फ्रेंचमध्ये दहा वाक्यं लिहा, आणि मग ती अशी फिरवा की वाचणाऱ्याला तो की ती हे कळू नये. पहिल्या दिवशी तास जातो. आठवड्याने रस्त्याने चालता चालता जमायला लागतं, आणि जाता जाता नामं, कृदंतं, 'ल्वी', 'सों-सा' सगळ्याची उजळणी होते. नॉन-बायनरी कुणी भेटलं नाही तरी व्याकरण पक्कं होतंच.

पाचवी पायरी : तो बिंदू

'प्वँ मेदियाँ', मध्यबिंदू. ओळीच्या तळाशी बसणारा पूर्णविराम नव्हे, अक्षरांच्या मध्यावर तरंगणारा : ·

मित्र आणि मैत्रीण दोन्ही 'आमी'. मैत्रिणीला शेवटी ई जास्त. एकदम लिहायचं तर ए-एम-आय, मग बिंदू, मग ई. आपल्या फॉर्मवर 'श्री./श्रीमती' किंवा 'विद्यार्थी/विद्यार्थिनी' अशी तिरकी रेघ असते, तिचाच हा फ्रेंच अवतार. विंडोजवर ऑल्ट दाबून आकड्यांच्या कीपॅडवर 0183 टाइप केलं की उमटतो. फोनच्या कीबोर्डवर बहुधा एखाद्या विरामचिन्हाचं बटण दाबून धरल्यावर सापडतो.

माझं मत विचाराल तर बिंदू मिठासारखा वापरा. छोट्या मजकुरात, निमंत्रणात, पोस्टमध्ये ठीक. लांब मजकुरात तो वाचणाऱ्याला अडखळवतो, आणि स्क्रीन रीडर त्याचं काय करेल याचा नेम नाही. त्याऐवजी समूहवाचक शब्द घ्या. 'शिक्षक आणि शिक्षिका' असं न म्हणता आपण 'शिक्षकवर्ग' म्हणतो, तसं फ्रेंचमध्ये 'कोर आँसेन्याँ'. वाचकवर्गाला 'लेक्तोरा'. याला 'एपिसेन' लेखन म्हणतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं सरकारी भाषा कार्यालय नवी सर्वनामं घडवण्यापेक्षा याच वाटेची शिफारस करतं.

सहावी पायरी : उरलेले शब्द, झटपट

'त्याच्याबरोबर, तिच्याबरोबर' : 'आव्हेक ल्वी', 'आव्हेक एल'. मधला शब्द 'एल्वी', किंवा सरळ 'आव्हेक येल'.

'त्याला पाहतो, तिला पाहते' इथल्या 'ल' आणि 'ला'साठी काही जण 'लो' म्हणतात, काही 'लाए'. एकमत नाही. सोपी पळवाट : भूतकाळात दोन्हींचा स्वर गळतो आणि 'झ ले व्ह्यू' एवढंच उरतं, मी पाहिलं. नाहीतर नाव घ्या, नाव घ्यायला पैसे पडत नाहीत.

'तू' आणि 'तूत' (सगळे, सगळ्या) मिळून 'तूस्त'. 'कोपँ' आणि 'कोपीन' (दोस्त) यांच्या मधला 'कोपेन'. हे दोन तरुणांच्या तोंडी सहज ऐकू येतील.

'आदेल्फ' हा माझा लाडका. भाऊ किंवा बहीण असं न सांगता एका भावंडाबद्दल बोलायला रोजच्या फ्रेंचमध्ये सुटसुटीत शब्द नव्हता, म्हणून ग्रीकमधून हा उचलला. मराठीत 'भावंड' हा नपुंसकलिंगी शब्द आजीच्या काळापासून घरात आहे आणि त्यावर कधी कुणी अकादमीला पत्र लिहिलं नाही.

जरा थांबून : हा वाद इतका तापतो का?

फ्रेंच शाळेत पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य घोकवलं गेलं : पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करतं. नव्याण्णव बायका आणि एक पुरुष असला तरी सर्वनाम पुरुषांचं. अठराव्या शतकातला व्याकरणकार बोझे याने 1767 मध्ये याचं कारणही दिलं, की नर मादीपेक्षा श्रेष्ठ म्हणून पुल्लिंग अधिक थोर. नोव्हेंबर 2017 मध्ये 314 शिक्षकांनी जाहीर केलं की आम्ही हा नियम यापुढे शिकवणार नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात फ्रेंच अकादमीने समावेशक लेखनामुळे (म्हणजे मध्यबिंदूसारख्या खुणांनी दोन्ही लिंगं दाखवण्यामुळे) भाषेला 'प्राणघातक धोका' आहे असं निवेदन काढलं होतं. म्हणजे 'येल'चं भांडण सुरू होण्याआधीच पातेलं उकळत होतं.

मराठीत मिश्र जोडीला काय म्हणतो आपण? 'ते दोघे' म्हणजे दोन पुरुष, 'त्या दोघी' म्हणजे दोन बायका, आणि नवरा-बायको असतील तर 'ती दोघं'. नपुंसकलिंगी अनेकवचन. कोणी कोणावर मात केली नाही. अनेकवचनी 'येल' विद्यार्थ्यांना समजावताना मी 'ती दोघं, ती सगळी' असंच सांगते आणि ते लगेच डोक्यात बसतं. एकवचनात मात्र हा पूल कोसळतो. त्याबद्दल शेवटी.

सातवी पायरी : कुठे वापरायचं, कुठे नाही

मित्रमंडळी, विद्यापीठातले गट, कलाकारांचे परिचय, समाजमाध्यमं : खुशाल. ज्या व्यक्तीने स्वतः 'येल' सांगितलं आहे तिच्याबद्दल बोलताना तर सगळीकडेच.

फ्रेंच सरकारी कागदावर नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये पंतप्रधान एदुआर फिलीप यांनी राजपत्रात छापायच्या मजकुरात समावेशक लेखन नको म्हणून परिपत्रक काढलं. मे 2021 मध्ये शिक्षण मंत्रालयाने मध्यबिंदू शाळांच्या बाहेर ठेवला. 30 ऑक्टोबर 2023 ला सिनेटने आणखी कडक विधेयक मंजूर केलं, पण कायदा व्हायला राष्ट्रीय सभेचीही मंजुरी लागते. नागरी नोंदीत पुरुष किंवा स्त्री, दोनच पर्याय. 'तटस्थ' अशी नोंद मागणारा अर्ज तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2017 मध्ये फेटाळला. कॅनडात 2019 पासून पासपोर्टवर 'एक्स' घेता येतो.

परीक्षेत? डेल्फच्या पेपरात तुमचं प्रमाण व्याकरण तपासतात, तिथे क्रांती करायला जाऊ नका. पहिल्या ढिगातली विशेषणं आणि 'पेर्सोन' वापरून तिथेही लिंग न सांगता लिहिता येतं, आणि परीक्षकाला लाल पेन उचलायला कारण मिळत नाही.

पत्राची सुरुवात 'मस्य' (श्री.) किंवा 'मादाम'ने (श्रीमती) करायची सवय असेल तर 'बोंझूर कामीय' लिहा. 'शेर' (प्रिय) टाळा. तो शब्द कानाला दोन्ही लिंगांत एकच, पण कागदावर वेगळा, आणि पत्र कागदावर असतं. ऑनलाइन तिकीट काढताना 'मस्य की मादाम' हे सांगणं भाग पाडणं आवश्यक नाही, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने 9 जानेवारी 2025 ला फ्रेंच रेल्वेच्या तिकीट कंपनीच्या प्रकरणात दिला आहे.

चुकलात तर

चुकाल. 'इल' म्हणून जाल. 'पार्दों, येल' एवढं म्हणून वाक्य पुढे न्या. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत घालावी लागते. आपल्याकडे 'अय्या, सॉरी हं, मला खरंच कळलं नाही' असं लांबवायची पद्धत आहे. ती इथे नको.

आणि घरी फोनवर

येलचं मराठी काय? 'ते' म्हणून मोकळं होता येत नाही. एकवचनी 'ते' म्हटलं की डोळ्यांसमोर शेंबडं पोर किंवा मांजराचं पिल्लू येतं. आदरार्थी 'ते' म्हणाल तर पुरुष झाला, 'त्या' म्हणाल तर बाई. काही मराठी बोलणारे नॉन-बायनरी लोक स्वतःसाठी 'ते' निवडतात, मग प्रश्नच नाही. पण कामीयने मराठीत काहीच निवडलेलं नाही, आणि आई विचारते आहे, "तो तुझा कामीय आला होता का काल? की ती आहे?"

कामीयचा फोन आला होता, आई. कामीयने पोहे खाल्ले. कामीयला तिखट लागले. कामीयची बस चुकली, मग इथेच मुक्काम केला.

फोन आला, पोहे खाल्ले, बस चुकली, मुक्काम केला. आईला पोह्यांतच जास्त रस होता.